चार दिवस म्हणणारा मी, पाच म्हणणारी तू

अक्का,

आज दहावा दिवस. तू गेल्यापासून कारखान्यात हातोडी वाजलेली नाही. कॅसलरॉकला आपण राहायला आलो त्याला इतकी वर्षं झाली, पण एवढी सामसूम या घरानं पाहिली नसेल. स्टेशनावरून गाडीची शिट्टी आली की तुझी भावजय गोदू दचकते आणि मग आम्ही दोघं एकमेकांकडं बघायचं टाळतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "सुतक माणसाला असतंय रं रामू, ऐरणीला कशाला?" आणि पदर खोचून भट्टीकडं गेली असतीस. गप्प बसलेली माणसं तुला आवडायची नाहीत. गप्प बसलेला तांबट तर मुळीच नाही.

समाचाराला येणारे तुझ्याबद्दल गोड गोड बोलतात. सोशीक होती, मायाळू होती, कुणाला उलटून बोलली नाही. मी मान डोलावतो आणि मनात म्हणतो, ही माणसं कुणाबद्दल बोलतायत? माझी अक्का सोशीक नव्हती. एका आकड्यावरून ती माझ्याशी बारा वर्षं भांडली. आपल्या बर्फाच्या पेटीच्या झाकणावर जी पितळेची पट्टी असते, तिच्यावर मी 'बर्फ चार दिवस' असं कोरायचो आणि तू म्हणायचीस, पाच कोर. गिऱ्हाइकाला द्यायचा शब्द चाराचा की पाचाचा, एवढंच ते भांडण. ते अर्धं टाकून तू निघून गेलीस. त्याचं पुढं काय झालं ते तुला सांगायचं राहिलंय, म्हणून लिहायला बसलो.

तुला आठवतं, बाबा खानापूरकडून इथं आले ते रेल्वेच्या मागोमाग. घाटातला पाऊस एकदा लागला की महिना-महिना कपडे वाळत नाहीत, हाडांत ओल शिरते. बंगल्यातल्या साहेबाला आणि स्टेशनातल्या बाबूला सारखंच ऊन पाणी लागतं, हे बाबांनी आल्या आल्या हेरलं आणि तांब्याचे बंब करायला घेतले. मधे निखाऱ्याची नळी, भोवती पाणी, खाली जाळी. बंब सगळेच तांबट करत, पण बाबांचा एक नेम होता. नवा बंब घरात पेटवायचा, त्याच्या पाण्यानं घरातल्या कुणीतरी न्हायचं, मगच तो गिऱ्हाइकाकडं जायचा. परक्याच्या अंगावर जे पाणी पडणार ते आधी आपल्या अंगावर पडू दे, असं ते म्हणत. बंबाचा मोसम आला की तू दिवसातून तीनदा न्हायचीस. तांबटाची पोर आहे की बेडकी, असं शेजारीपाजारी विचारायचे.

नवरा गेल्यावर, वयाच्या विसाव्या वर्षी, तू परत आलीस. चार दिवस कोपऱ्यात बसलीस आणि पाचव्या दिवशी उठून बाबांच्या समोरची हातोडी उचललीस. बाबांची नजर तेव्हा अधू झाली होती. त्यांनी पत्रा तुझ्याकडं सरकवला. गाव महिनाभर कुजबुजलं, मग तुझ्या हातची कल्हई बघून गप्प झालं. बाबा गेल्यावर पाटीवर नाव माझं लागलं. ठोका मात्र तुझा होता. माझा ठोका पडला की तू लांबूनच ओरडायचीस, "हळू रं, पत्रा हाय तो, वैरी न्हाई!"

मग जर्मनीची लढाई सुरू झाली आणि तांब्याचा पत्रा मिळेनासा झाला. बंब करायचे कशाचे? घरात मोजके पत्रे उरले होते. ते संपले की खानापूरला काकांच्या दारात जाऊन उभं राहायचं, दुसरा रस्ता नव्हता. काका वाईट नव्हते, पण त्यांच्या घरात तुला कुणी हातोडी धरू दिली नसती, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं.

वाट सापडली ती जकातीच्या शेडमध्ये. आपल्या स्टेशनाच्या पलीकडं पोर्तुगिजांची हद्द. तिकडून येणारी प्रत्येक गाडी इथं तपासणीला थांबायची आणि मुरगावच्या मासळीच्या टोपल्या उन्हात वाट बघायच्या. मासळीवाला पेद्रूबाब रोज नाक दाबून अर्धा माल दरीत ओतायचा. हुबळीकडच्या गाडीनं बर्फ मिळायचा, पण गोणपाटात गुंडाळलेला बर्फ किती टिकणार? मी म्हणालो, बर्फाची पेटी करू. आणि तांबट म्हणून जन्माला आलेल्या माणसाला जे सुचणार तेच मला सुचलं. पेटी तांब्याची करू.

काय देखणी पेटी होती ती, अक्का! आतून कल्हई, बाहेरून चिंचेनं घासलेली, कोपऱ्यांना कमळं. घरातला शेवटचा पत्रा तिच्यात गेला. तू म्हणालीस, "आदी घरात बर्फ ठिवून बघू. बंबाला न्हाणं, मग हिला का न्हाई?" मला घाई होती. मी म्हणालो, बर्फाला कसलं न्हाणं? आणि पेटी सरळ पेद्रूबाबच्या हवाली केली.

दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये उघडली तेव्हा निम्मं स्टेशन जमलं होतं. पेद्रूबाबनं झाकण उचललं, हात बुडवला आणि किंचाळला, "बर्फ खंय? हें उदक! ऊन उदक!" सुरमई त्यात पोहत होती म्हण ना. जकातीचे कारकून तात्या चष्मा पुसत पुढं आले, पेटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "पेटी सुरेख आहे. कालवण करायला काही अडचण नाही." हमालसुद्धा खो खो हसले.

मी तिथं उभा राहून पेटीवरच्या कमळांकडं बघत होतो. तेव्हा तू पुढं झालीस. म्हणालीस, "तांबं मी घालाय लावलं. माजी चूक हाय." तुझ्या अंगावर ते हसू घेतलंस आणि पेटीचा एक कान धरून, "उचल की रं," म्हणून मला दुसरा धरायला लावलंस. घरी येईपर्यंत मी काही बोललो नाही. घरी आल्यावरही नाही. त्यानंतर बारा वर्षं रोज तुझ्यासमोर जेवायला बसलो, पण ती चूक माझी होती, तू विनाकारण अंगावर घेतलीस, हे एक वाक्य घशातून बाहेर आलं नाही. परवा तात्या समाचाराला आले तेव्हा मी न राहवून त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "अरे, ते आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं." म्हणजे सगळ्या स्टेशनाला ठाऊक होतं आणि मी बारा वर्षं झाकून बसलो होतो. माझ्या शहाणपणाचं तुला हसू आलं असेल. आता सांगतो, अक्का. ती माझी चूक होती. त्या दिवशी तू माझी लाज राखलीस.

त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. सकाळी बाजारकुणंग गावची सोमी अंडी घेऊन दारात आली. दर आठवड्याला यायची ती कुणब्याची म्हातारी, भाताच्या तुसानं भरलेल्या बुट्टीत अंडी पुरून आणायची. एवढं रान तुडवून, भर वैशाखात. तू अंडी घ्यायला तुसात हात घातलास आणि हात तसाच ठेवून बसलीस. मी म्हणालो, काय झालं? इंचू चावला की काय? तू म्हणालीस, "रामू, हितं हात घाल." मी घातला. बुडाशी गार होतं. सोमी आपल्याला वेड्यात काढत म्हणाली, "तुसांत थंडच रावता गो बाये, नवें किदें तें?"

"आरं, ह्या म्हातारीच्या बुट्टीला कळलं ते आपल्याला न्हाई कळलं!" तू कपाळावर हात मारून हसायला लागलीस. आदल्या दिवशी ज्या पेटीपायी शेडभर हसं झालं तिच्याकडं बोट दाखवून म्हणालीस, "तांबं ऊन धरतंय म्हणून तर त्येचा बंब करतोय आपण. आपण बर्फाला चुलीवर बसीवला की रं!"

मग तू पेटी मोडली नाहीस. मी मोडायला निघालो होतो. फणसाच्या फळ्यांची एक मोठी पेटी करून घेतलीस, तांब्याची पेटी तिच्यात बसवलीस आणि दोहोंच्या मधे वीतभर जागा सोडून तीत कडकडीत वाळवलेलं तूस ठासून भरलंस. देखणेपण सगळं आत गेलं. बाहेरून ती धान्याच्या कणगीसारखी ओबडधोबड दिसायची आणि मला ती बघवायची नाही. या खेपेला मात्र तू नेम मोडू दिला नाहीस. पेटी पडवीत बर्फ भरून ठेवली, रोज सकाळी तू तिच्या तोटीखालचं भांडं बघायचीस. चौथ्या दिवशीही तोटीतून पाणी ठिबकत होतं, म्हणजे आत अजून बर्फ होता.

आणि मग ती दुसरी खेप. पेद्रूबाब नको नको म्हणत होता, तू त्याच्या गळ्यात मारलीस. नेमका तो जकातीचा एक कागद मुरगावात घरीच विसरून आला आणि कागद येईपर्यंत माल शेडमध्ये दोन दिवस अडकला. तिसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडायची वेळ आली तेव्हा पुन्हा तेच सगळे जमले. या वेळी हसायच्या तयारीनं. पेद्रूबाबनं क्रूस केला आणि झाकण उचललं. आत हात घातला, खडखड वाजलं. त्यानं एक सुरमई वर धरली, तिचा डोळा असा लखलखीत, जणू आत्ताच पाण्यातून काढली. तो माशासकट नाचायला लागला! हमालांनी आरोळी ठोकली, इंजिनवाल्यानं उगीचच शिट्टी मारली, आणि तात्यांनी टोपी काढून पेटीला नमस्कार केला. त्या दिवशी आपण दोघं घरी चालत आलो ते मिरवणुकीतून आल्यासारखे. काकांच्या घरी जायची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही.

पुढं काय झालं ते तुला सांगायला नको. पेद्रूबाबनं आणखी पेट्या मागितल्या, मग बेळगावकडचे मासळीवाले आले, मग दवाखाने, मग साहेबांचे बंगले. तांब्याच्या जागी जस्ताचा पत्रा आला. लढाई संपली, बंब पुन्हा सुरू झाले, आणि एका छपराखाली एका बाजूला ऊन पाण्याचं काम आणि दुसऱ्या बाजूला गार पेटीचं, असा आपला कारखाना उभा राहिला. सोमीच्या गावच्या कुणब्यांकडून बैलगाड्या भरून तूस येऊ लागलं. पूर्वी ते जाळून टाकायचे. सोमी तर गावभर सांगायची की कारखाना तिच्या अंड्यांवर चालतो, आणि ते खोटं नव्हतं.

पण माझ्या मनातून ती पहिली पेटी गेली नाही. तू पट्टीवर 'पाच दिवस' कोर म्हणालीस की मला शेडमधलं हसू ऐकू यायचं. पेटी चार दिवस नक्की टिकायची. साडेचार कधीकधी. पाच एकदाही नाही. मी म्हणायचो, जे झालं नाही त्याचा शब्द कसा देऊ? तू म्हणायचीस, "हुईल की. तू चार लिवतोस म्हणून पेटी चारावर थांबतीया." मी म्हणायचो, पेटीला वाचता येत नाही. मग तू भांडी आपटायचीस. एकदा रागानं तू माझ्याशी आठ दिवस बोलली नाहीस आणि निरोप गोदूकडून पाठवायचीस, मी समोर बसलेला असताना!

यंदा तुला झाकणाचं सुचलं. भिंती जाड करून आपण दमलो आणि ऊन वरनं झाकणातनं शिरत होतं. तू झाकण पोकळ करून त्यातही तूस भरलंस, कडेनं धनगरी घोंगडीची पट्टी शिवलीस, ती दाबून बसली की मुंगी आत शिरायची नाही. सोमवारी सकाळी पेटी बर्फानं भरून नेमाप्रमाणं पडवीत ठेवलीस. "शनवारी सकाळी उघडायची," म्हणालीस, "आन मग पट्टी कोर." त्याच संध्याकाळी तुला ताप भरला.

मंगळवारी रेल्वेचे डॉक्टर आले, म्हणाले कपाळावर बर्फ ठेवा. पडवीत, दहा पावलांवर, पेटीभर बर्फ होता. मी झाकणाला हात लावला आणि तू अंथरुणातून ओरडलीस. तापानं फणफणलेल्या माणसाच्या अंगात एवढा आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. मी रागावलो, गोदू रडली, तू ऐकलं नाहीस. शेवटी मी स्टेशनाकडं पळालो. पेद्रूबाबनं एक शब्द न विचारता आपल्या मालातला बर्फ फोडून दिला. ती पेटीही आपलीच, दुसऱ्या खेपेची, तुझ्या हातची. बर्फाला मासळीचा वास येत होता. तुझ्या कपाळावर ठेवला तेव्हा तू डोळे मिटूनच हसलीस. "गोदू, बघ गं, आज मी बांगडा झाले."

बुधवारी तू मला जवळ बोलावलंस आणि विचारलंस, किती दिवस टिकंल? आजारी माणसाचं मन राखावं, पाच म्हणून टाकावं, असं कुणालाही वाटेल. मी म्हणालो, चार. तू किती खूश झालीस! तुला वाटलं असेल, रामू अजून भांडतोय, म्हणजे मी काही मरत नाही. माझा हात दाबून म्हणालीस, "शनवारी बघू." गुरुवारी सकाळी तू गेलीस.

चार दिवस भरले ते शुक्रवारी सकाळी. मी पडवीत बसलो होतो. घर माणसांनी भरलेलं, आणि माझं सगळं लक्ष तोटीकडं. ठिबकत होतं. अक्का, तुला जाळून आलेला मी, आणि मनात देवाला काय विनवत होतो? ठिबकत राहू दे म्हणून. चार दिवसांचा शब्द जन्मभर धरून बसलेला मी, आपण खोटे ठरावं म्हणून हात जोडत होतो. संध्याकाळी ठिबकणं थांबलं. गोदू हळूच म्हणाली, "संपलं वाटतं." मी उठून आत गेलो. तुझ्या जाण्यानं आलं नव्हतं तेवढं रडू मला तेव्हा आलं.

शनिवारी सकाळी तुझ्या अस्थी गोळा करायला गेलो. राख अजून कोमट होती. घरी आलो, अंघोळ केली आणि ओल्या धोतरानंच पेटीपाशी गेलो. खानापूरहून आलेल्या काकू म्हणाल्या, सुतकात कारखान्याच्या जिनसेला हात लावू नको. मी म्हणालो, तिनं शनिवार सांगितलाय. झाकण उचललं. तोटीच्या तोंडात घोंगडीचा पुंजका अडकला होता, म्हणून पाणी आत साठलं होतं. आणि त्या पाण्यात नारळाएवढा बर्फ तरंगत होता.

मी तो परातीत घेतला आणि अनवाणी स्टेशनाकडं पळत सुटलो. गोदू मागून हाका मारत होती. तिला वाटलं मला वेड लागलं. सकाळची गाडी तपासणीला उभी होती, फलाटावर गर्दी होती, शेडच्या दारात तात्या आणि पेद्रूबाब. मी धापा टाकत परात त्यांच्यापुढं धरली. पेद्रूबाबनं बर्फ पाहिला, बोटं मोजली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तात्या एवढे सोवळ्यातले, सुतकातल्या माणसाची सावली टाळणारे. त्यांनी चष्मा वर केला, पुढं होऊन बर्फावर अख्खा पंजा टेकवला आणि तसाच ठेवला.

"कधीचा?" त्यांनी विचारलं.

"सोमवारचा."

"पाच दिवस," ते म्हणाले. "पाच कोण म्हणत होतं रे?"

"अक्का."

"आणि तू?"

"चार."

"मग?"

गाडीतली माणसं खिडक्यांतून वाकून बघत होती, हमाल ओझी खाली ठेवून उभे होते. त्या सगळ्यांना, अगदी इंजिनवाल्यालासुद्धा ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा मी ओरडलो, "हरलो!"